दादाची जबानी

आफ्रिकेतल्या नदीकाठच्या त्या कँपवर आम्ही पाच दिवस राहायला गेलो होतो आणि तिसऱ्या दिवशीच निघालो. आम्ही म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ. लवकर का आलात असं कोणी विचारलं, की मी सांगतो, दादाला तिथलं ऊन मानवलं नाही. जन्मभर उघड्या डोंगरावर म्हशी राखलेल्या माणसाला झांबियाचं ऊन मानवलं नाही, हे लोक मान डोलावून ऐकून घेतात. तीस वर्षं महाडच्या शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस खोटं बोलत असेल असं त्यांना वाटत नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. पंधरा-वीस घरं, आणि घरापेक्षा गोठा मोठा, असा सगळा कारभार. वडील लवकर गेले. दादा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा असेल. त्याने म्हशी सांभाळल्या, दुधाचे हंडे डोक्यावर घेऊन रोज घाट उतरला, आणि मला महाडच्या वसतिगृहात ठेवून शिकवलं. त्याला स्वतःला सहीसुद्धा येत नाही. मी नोकरीला लागल्या दिवसापासून तो मला मास्तर म्हणतो. आधी चिडवायला म्हणायचा, नंतर तेच नाव पडलं.

तीन पावसाळ्यांपूर्वी आमच्या वाडीवर दरड आली. धोका आहे म्हणून आदल्या संध्याकाळी पोलीस पाटलाने सगळ्यांना खालच्या शाळेत हलवलं होतं. माणसं वाचली. म्हशी मात्र दादाने दाव्याला बांधून ठेवल्या होत्या, कारण आठवडाभर बिबट्या फिरत होता आणि मोकळ्या सोडल्या तर एखादी जाईल अशी त्याला भीती होती. सकाळी जाऊन सोडू म्हणाला. सकाळी गोठ्याची मागची भिंत मातीखाली होती आणि वरून अजून दगड येत होते. सात म्हशी आत होत्या आणि त्या ओरडत होत्या. चौघांनी दादाला धरून ठेवलं. दुपारपर्यंत आवाज येत राहिले, एकेक करून बंद होत गेले. मी त्या दिवशी महाडात माझ्या घराच्या माळ्यावर बसलो होतो, खाली कमरेएवढं पुराचं पाणी होतं. हे सगळं मला नंतर इतरांनी सांगितलं. दादाने त्यातलं एक अक्षरही कधी काढलं नाही. तो बोलायचाच थांबला. ज्या माणसाच्या हाका एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जायच्या, तो पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून बसायला लागला.

माझी मुलगी नवऱ्याच्या नोकरीमुळे लुसाकाला असते. ती म्हणाली, बाबा, काकांना घेऊन इकडे या, जरा जागा बदलली की बरं वाटेल. मला काही फारसं पटलं नव्हतं. पण दादा एका शब्दात हो म्हणाला. कुठेही जायला तयार होता बिचारा. त्याच्या पासपोर्टसाठी मी किती खेटे घातले ते सांगत बसत नाही. खांद्यावरचं घोंगडं काही त्याने सोडलं नाही. विमानतळावर ते तीनदा मशीनमधून काढलं, आणि चौथ्यांदा तिथल्या बाईने नुसतं हात जोडून पुढे जा म्हटलं.

नदीकाठचा कँप ही मुलीने आणि जावयाने दिलेली भेट होती. त्यांना सुट्टी नव्हती, ते शेवटचे दोन दिवस येणार होते. तोपर्यंत आम्ही दोघेच. तंबू म्हणायचं, पण आत पलंग, बाथरूम सगळं, आणि पुढे लाकडी ओटा. ओट्याखाली काठ, काठाखाली नदी. पावसाळा यायचा होता, त्यामुळे नदी आटून एका कडेला गेलेली आणि बाकी पात्रात डबकी आणि चिखल. कुंपण कुठेच नाही. पहिल्याच दिवशी मॅनेजर बाईंनी नियम सांगितले. एकट्याने काठाखाली उतरायचं नाही. तंबूतून जेवायच्या जागेपर्यंत जायचं तरी कँपचा माणूस सोबत हवा. मी दादाला समजावून सांगितलं. तो समोर पाहत होता. वाळूवर सात-आठ मगरी पडल्या होत्या.

"ह्या तर आपल्या महाडच्या सावित्री नदीतल्याच," तो म्हणाला. "ह्यांच्यासाठी एवढ्या लांब आणलंस होय रे?"

कित्येक महिन्यांत त्याने केलेली ती पहिली थट्टा होती. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच मोठ्याने हसलो.

आमच्या तंबूच्या सोबतीला जो माणूस होता त्याला दादा राखणदार म्हणायचा. पन्नाशीचा, उंच, खाकी कपडे, हातात काठी, गळ्यात शिट्टी. त्याला इंग्रजी कामापुरतं यायचं, दादाला तेवढंही नाही. पण त्या दोघांचं पहिल्या दिवशीच जमलं. त्याचं गाव नदीपलीकडे होतं आणि त्याच्याकडे गाई होत्या, एवढं मी सांगितलं आणि मग माझी गरजच उरली नाही. त्याने हवेत धार काढून दाखवली. दादाने त्याचा हात धरला, अंगठा आत दुमडून दिला आणि म्हणाला, "असा. नायतर सडाला इजा व्हते." तो माणूस हसून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला, पुन्हा अंगठा बाहेर काढला आणि आपलीच पद्धत बरोबर असल्याचं ठासून सांगितलं. दोघे अर्धा तास त्यावर भांडले. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. मनात म्हटलं, पोरीचं चुकलं नाही, माणूस परत येतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानम्हशींचा मोठा कळप पाण्यावर आला. दादा उभाच राहिला. आपल्या म्हशींपेक्षा थोराड, शिंगं कपाळावर पसरलेली. त्याने त्या मोजल्या, कोणती गाभण आहे, कोणती लंगडते ते मला सांगितलं. कळप गेला आणि मग ओरडणं ऐकू आलं. एक पारडू, म्हणजे म्हशीचं तान्हं पोर, डबक्याच्या कडेला चिखलात पोटापर्यंत रुतलं होतं. आमच्या ओट्यापासून शंभरएक पावलांवर असेल. त्याची आई बराच वेळ भोवती फिरली, नाक लावून ढकलत राहिली, आणि ऊन चढल्यावर लव्हाळ्यात जाऊन दिसेनाशी झाली. पारडू ओरडतच होतं.

जेवायच्या मोठ्या ओट्यावर पाहुणे जमले. कॅमेरे आले, दुर्बिणी आल्या. कोणी चहा मागवला. दादाने माझा दंड धरला.

"हे नुसते बघतात काय? चार मानसं आनि एक दोर. पुढनं वढायचं नाय, पोटाखालून कापड घालायचं, बाजूनं उचलायचं. सांग त्या बाईला. मी दाखवतो."

मी सांगितलं. मॅनेजर बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, तुमच्या भावाच्या भावना मला समजतात, पण इथे आम्ही मध्ये पडत नाही. हा इथला नियमच आहे. आई जवळपासच आहे, ती फार धोकादायक. संध्याकाळपर्यंत पारडू सुटलं तर सुटलं, नाहीतर सिंह येतील.

आता मी हे जसंच्या तसं दादाला सांगायला हवं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून माझी जीभ रेटली नाही. मी म्हणालो, "बघतायत ते. ऊन उतरलं की माणसं पाठवणार आहेत."

दादा समाधानाने खाली बसला. मला तेव्हा वाटलं, काय बिघडलं, म्हातारा माणूस, दुपारभर शांत बसेल. तंबूत येऊन मी आडवा झालो. आमची झोप पहिल्यापासून कुंभकर्णाची. दादा ओट्यावर होता.

शिट्टीने जाग आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि पारडाकडे कँपचं कोणी गेलं नव्हतं. धावत बाहेर आलो. दादा अंगातला सदरा काढून, घोंगडं घेऊन काठाखाली उतरला होता आणि चिखलाच्या कडेकडेने पारडाकडे चालला होता. पुढे काय झालं ते मी ओट्यावरून माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून जे पाहिलं तेच लिहितो. राखणदार शिट्टी वाजवत त्याच्या मागे पळत गेला. पन्नासएक पावलांवर त्याने दादाला गाठलं आणि हात धरून मागे ओढलं. दादाने हिसडा दिला, पारडाकडे बोट दाखवलं, काहीतरी ओरडला. राखणदाराने पुन्हा धरलं. तेवढ्यात लव्हाळं फुटलं आणि म्हैस बाहेर आली. राखणदाराने दादाला दोन्ही हातांनी काठाच्या खळगीत ढकलून दिलं आणि स्वतः उलट्या बाजूला पळाला, हात हलवत. ती त्याच्या मागे गेली. वीस पावलंही नाही पळू शकला. तिने त्याला उचललं, टाकलं, आणि परत उचललं. मग कँपवरून बंदुकीचे बार ऐकू आले, आणि ती निघून गेली.

त्याला आणलं तेव्हा मांडीचं हाड दिसत होतं. तो शुद्धीत होता आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, तो मला कळला नाही. दादा त्याच्या डोक्याशी बसून त्याचा हात चोळत होता. तासाभराने छोटं विमान आलं आणि त्याला घेऊन गेलं. पारडू तोपर्यंत थकून गप्प झालं होतं.

संध्याकाळी मॅनेजर बाईंनी आम्हाला कचेरीत बोलावलं. त्यांच्यासमोर छापील फॉर्म होता. त्या उद्धट नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी पाणी दिलं, दादाला कुठे लागलं का विचारलं. मग म्हणाल्या, घडलेल्या प्रकाराची जबानी लिहून वनखात्याला द्यावी लागेल. काही पाहुण्यांनी दोन माणसांना चिखलात पाहिलं, पण आधी कोण उतरलं ते कोणाला सांगता येत नाही. तुमचे भाऊ आपल्या मनाने गेले, की आमच्या माणसाने त्यांना नेलं? आपल्या मनाने गेले असतील तर प्रकरण पोलिसांकडे जाईल, चौकशी होईपर्यंत कदाचित त्यांना इथेच थांबावं लागेल. आमच्या माणसाने नेलं असेल तर ती आमच्याकडची शिस्तीची बाब.

मी दादाला विचारलं. तो एका क्षणाचाही विचार न करता बोलला.

"मीच गेलो. त्यानं मला दोन येळा मागं वढला. त्याची कायबी चूक नाय. माझ्यापायी त्याचा जीव गेला असता. हे सगळं सांग त्या बाईला, मास्तर. नीट सांग. त्याची नोकरी जायला नको."

बाई माझ्याकडे पाहत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे पोलीस ठाणं आलं, जावयाचा तिथल्या नोकरीचा परवाना आला, भाषा न कळणाऱ्या कुठल्यातरी कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसलेला दादा आला. हे सगळं खरं असलं तरी ते मी आज सावकाश बसून लिहितोय. त्या वेळी मी फक्त घाबरलो होतो. आणि घाबरलेला मास्तर चांगलं, स्वच्छ, व्याकरणशुद्ध इंग्रजी बोलला. मी म्हणालो, माझा भाऊ सांगतो की तुमच्या माणसाने त्याला खुणेने बोलावलं. दोघांनी मिळून पारडू काढू, असं त्यांचं ठरलं होतं.

बाईंनी लिहून घेतलं. दोनदा विचारलं, नक्की का? मी नक्की म्हणालो. दादा दोन्ही वेळा माझ्याबरोबर जोरात मान हलवत होता.

सहीच्या जागी अंगठा द्यायचा होता आणि शाईचा पॅड तिथे कुठून असणार. बाईंनी बॉलपेन दिलं. दादाच्या अंगठ्यावर मी ते पेन घासलं. म्हशीच्या दाव्याने चरे पडलेला तो अंगठा निळा व्हायला बराच वेळ लागला.

"मी बोललो तेच लिवलंय ना रे?" त्याने विचारलं.

"तेच लिहिलंय," मी म्हणालो.

त्याने अंगठा दाबला.

दुसऱ्या दिवशी मुलगी येऊन आम्हाला घेऊन गेली. तिलाही मी जबानीतलंच सांगितलं. तिथून आठवड्याभरात घरी आलो.

तीनएक महिन्यांनी तिचा फोन आला. जावयाच्या ओळखीतलं कोणी त्या कँपवर जाऊन आलं होतं. बोलता बोलता ती म्हणाली, "बाबा, तो माणूस वाचला हं. पाय अधू झालाय. पण त्याला कामावरून काढलं. पाहुण्याला खाली नेलं म्हणून. तो म्हणत होता नेलं नाही, पण काकांचीच जबानी होती ना."

मी बरं म्हणालो. फोन ठेवला. मग टेबलाशी जाऊन पत्र लिहायला घेतलं. तीस वर्षं मी पोरांना औपचारिक पत्राचा नमुना फळ्यावर लिहून दिलाय, उजवीकडे पत्ता, खाली विषय. विषयापर्यंत आलो आणि थांबलो. असे चार कागद फाडले. आता वाटतं, पोलिसांचं भय तेव्हा होतं. नंतर कसलं होतं? दादा इथे सुखरूप होता, त्याला कोणी नेणार नव्हतं. पण पत्र लिहायचं म्हणजे मी खोटं सांगितलं हे लिहायचं, आणि मग ते मुलीला कळणार, तिच्याकडून दादाला कळणार. एवढ्यासाठी मी एका माणसाची भाकरी घालवली आणि घालवलेलीच राहू दिली. स्वतःबद्दल याहून बरं काही लिहायला मला सापडत नाही.

आणि दादा? दादा परत आल्यापासून उभा राहिला. हेच मला सगळ्यात जास्त सहन होत नाही. त्याने पुन्हा दोन म्हशी घेतल्या. वाडीच्या खाली, सपाटीला, नवा गोठा बांधला. दर सोमवारी महाडला येऊन माझ्याकडे ताक ठेवून जातो आणि दारातूनच विचारतो, "राखणदाराचा पाय कसा हाय?" मी सांगतो, बरा आहे. "कामावर जातो?" मी सांगतो, जातो.

नव्या गोठ्याची पूजा गेल्या महिन्यात झाली. सगळी वाडी जेवायला होती. दुपारी पंगती उठल्यावर माणसं सावलीत बसली, आणि कोणीतरी दादाला आफ्रिकेचं विचारलं. तो सांगायला लागला. त्याने काहीही लपवलं नाही. आपण कसे येड्यासारखे उतरलो, तो माणूस कसा मागे धावला, कसा आपल्याला ढकलून स्वतः म्हशीपुढे गेला. दरडीत गाडल्या गेलेल्या गोठ्याबद्दलही बोलला, पहिल्यांदाच. "त्या दिशी मला चौघांनी धरला, मी कुनाचं काय करू शकलो नाय," म्हणाला. "पन त्या मानसाचं केलं. बाई इचारत होती कुनाची चूक, तवा माझ्या भावानं तिला समोरासमोर सांगितलं. घाबरला नाय. आज तो मानूस कामावर हाय तो ह्याच्यामुळं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. म्हातारी माणसं, सुना, मुंबईहून आलेले दोघे. माझ्या शेजारी बसलेल्या पोलीस पाटलाने पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "मास्तर, ते इंग्लिशमदी कसं बोललात, आमाला पन ऐकवा की."

मी नको नको म्हणालो. ऐकतो कोण! दादा म्हणाला, "बोल रे, लाजतोस काय."

मी उभा राहिलो. घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणालो, माझा भाऊ स्वतःहून खाली गेला. तुमच्या माणसाने त्याला दोनदा मागे ओढलं. त्याची काहीही चूक नाही. त्याच्यामुळे माझा भाऊ जिवंत आहे. त्याला कामावरून काढू नका. एकेक शब्द सुटा, स्पष्ट, वर्गात म्हणतो तसा.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो. दादा सगळ्यांकडे पाहून म्हणाला, "बघा. अगदी असंच बोललेला तो तिथं."